दोन सीटची गाडी घ्यायची आहे, पण शोरूमवाले चालवायला देईनात (ठाणे / नवी मुंबई)

वागळेकर_लेथवाला
शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. एरवी वाचनमात्र असतो. आज लिहितोय, कारण घरी या विषयावर बोलायला बंदी झाली आहे.

वय ५३. वागळे इस्टेटला छोटं वर्कशॉप आहे, गिअर कटिंग आणि सीएनसीची जॉबवर्कची कामं. मुलगी नोकरीला लागली, मशीनचं शेवटचं कर्ज मार्चमध्ये फिटलं. आता एकच हौस राहिली आहे: दोन सीटची, सहा सिलिंडरची स्पोर्ट्स कार. नवी कोरी. एक्स-शोरूम साधारण ९० लाख. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही.

आज दुपारी काम आटोपून थेट ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका शोरूमला गेलो. ॲक्टिव्हावरून, अंगात कामाचाच शर्ट. वॉचमनने स्कूटर मागच्या सर्व्हिस गेटला लावायला सांगितली, तिथवर ठीक. आत सूट घातलेला पंचविशीतला मुलगा. पहिला प्रश्न, "सर, सध्या कुठली गाडी वापरता?" म्हटलं, २०१४ ची होंडा सिटी. त्यावर तो "ओके सर" म्हणाला, पण डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणतात तसं.

गाडीत बसून बघू का? "सर, ही डिस्प्लेची आहे, कस्टमरला अलॉट झाली आहे." टेस्ट ड्राइव्ह? "बुकिंग अमाऊंट भरली की शेड्युल करतो." किती? "पाच लाख, रिफंडेबल." मग कॉफीच्या मशीनकडे बोट दाखवून तो गेला. वीस मिनिटांनी एक विशीतला पोरगा आला, पांढरे शुभ्र बूट, त्याला त्याच डिस्प्लेच्या गाडीत बसवून वर फोटोही काढून दिले.

राग आला नाही, गंमत वाटली, असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला बोलू, आला राग.

तर प्रश्न असे की, पाच लाख भरल्याशिवाय टेस्ट ड्राइव्ह नाही ही पद्धत आहे का? मुंबई किंवा पुण्याच्या डीलरकडून घेतली तर ठाण्याचा एमएच-०४ नंबर मिळेल का? आणि ठाण्यात राहून अशी गाडी घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे का? (तिसऱ्याचं उत्तर बायकोने दिलेलं आहे.)


तर्री_एक्स्ट्रा
शनिवार, रात्री १०:५२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आणि शोरूममध्ये अपमान झाला म्हणून अलवारच्या महाराजांनी रोल्स रॉइसने कचरा उचलल्याची गोष्ट कोणी टाकू नका, हात जोडतो.


घोडबंदर_ग्रस्त
शनिवार, रात्री ११:०५

तिसऱ्या प्रश्नाला मी लायक आहे. कासारवडवलीला राहतो, रोज गायमुख ते माजिवडा. मागच्या पावसाळ्यात माझ्या साध्या सेदानचे दोन अलॉय गेले. तुमच्या त्या गाडीचे टायर म्हणजे रिमला गुंडाळलेली रबराची पट्टी. स्टेपनी बहुतेक नसतेच, पंक्चर दुरुस्तीचं किट देतात. टायरची बाजू फाटली तर त्या किटने काहीही होत नाही, टो ट्रक बोलवायचा आणि तो येईपर्यंत मागच्या डंपरवाल्यांच्या शिव्या खायच्या.

पण घ्या. आमच्यापैकी कोणीतरी घ्यायलाच हवी.


पामबीच
रविवार, सकाळी ७:३०

नवी मुंबईत या. रस्ते आहेत. (गंमत करतोय, दिवे घ्या.)


तर्री_एक्स्ट्रा
रविवार, सकाळी ७:४१

रस्ते आहेत आणि पाम बीचवर ६० ची मर्यादा आहे. अटल सेतूवर १०० ची. ९० लाख मोजून टॅक्सीच्या मागे टॅक्सीच्याच वेगाने जायचं.


पामबीच
रविवार, सकाळी ७:५८

आवाज तर येतो ना!


गिअरबॉक्स
रविवार, सकाळी ९:१५

धागाकर्ते, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, मिळेल. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर तुम्ही राहता किंवा धंदा करता त्या राज्यातल्या कुठल्याही आरटीओत नोंदणी करता येते. डीलर पुण्याचा असला तरी एमएच-०४ घ्या, नाहीतर वाशीची एमएच-४३ घ्या. "आमच्याकडून फक्त याच पासिंगला होईल सर" असं कोणी सांगितलं तर तो स्वतःची सोय सांगतोय.

टेस्ट ड्राइव्हसाठी लायसन्सची झेरॉक्स आणि सही केलेला फॉर्म एवढं मागतात. मी आजवर चार वेगवेगळ्या ठिकाणी चालवल्या आहेत, बुकिंगचे पैसे एकानेही मागितले नव्हते. मात्र या प्रकारातल्या गाड्यांची डेमो कार प्रत्येक शहरात नसते, मुंबईहून मागवावी लागते, त्यामुळे दोन-तीन आठवडे थांबवतात. ते खरं असतं.


निवृत्त_नाखवा
रविवार, सकाळी १०:०२

५३ व्या वर्षी ९० लाख चाकांवर? त्यात एक वन बीएचके आला असता, महिन्याला भाडं आलं असतं. सल्ला विचारला नाहीत, तरी देतो.


वागळेकर_लेथवाला
रविवार, सकाळी ११:२०

नाखवाकाका, वन बीएचके आहे. भाडेकरू तीन महिने भाडं देत नाहीये.

सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या गिअरबॉक्सचे दाते पाडतोय. एकदा तरी ड्रॉइंगवर न बघता पायाखाली बघायचेत, एवढंच आहे हो.


सीए_काकू
रविवार, दुपारी १:४५

भावना बाजूला ठेवून आकडे लिहिते. वर्कशॉपच्या नावावर घ्यायचा विचार करत असाल (सगळे करतात), तर आधी हे वाचा.

महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर १३ टक्के रोड टॅक्स आहे, कंपनीच्या नावावर २० टक्के. ९० लाखांवर ११ लाख ७० हजार आणि १८ लाख. म्हणजे ६ लाख ३० हजारांचा फरक पहिल्याच दिवशी. कंपनीच्या नावावर १५ टक्के घसारा मिळतो, बरोबर, पण प्रवासी गाडीवर जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही आणि दोन सीटची गाडी गिअर पोचवायला वापरतो असं असेसिंग ऑफिसरला सांगताना तुमचा चेहरा मला बघायचा आहे. टॅक्सची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून २० लाखांची ३० लाख झाली आहे. तुमचा आकडा तिथवर जात नाही, पण याहून वरची गाडी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

डीलर वर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर, घेईल. तो खर्च नाही, रिटर्नमध्ये वळता होतो. दरवर्षी कोणीतरी क्लायंट तो विसरतो आणि ऑगस्टमध्ये मला फोन करतो.


खोपट_स्टँड
रविवार, दुपारी २:१०

काकूंचा प्रतिसाद वाचून मी माझी सेकंडहँड वॅगनआर प्रेमाने पुसली.


शोरूमच्या_काचेमागून
रविवार, रात्री ११:४८

हा धागा दुपारपासून वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं. मी याच धंद्यात आहे, सहा वर्षं सेल्स कन्सल्टंट. धागाकर्त्यांच्या शोरूममधला नाही, पण असू शकलो असतो.

पहिलं, त्या मुलाचं चुकलं. बसू द्यायला हवं होतं, बुकिंगशिवाय ड्राइव्ह नाही हेही बहुधा त्याने मनाने ठोकलं. आता आमची बाजू.

शनिवारी दुपारी शोरूममध्ये कोण येतं ते सांगतो. काल माझ्याकडे अकरा जण आले. आठ जण रील करायला. एकाने मुलाला सीटवर उभं करून फोटो काढला, बुटांसकट. जीन्सच्या मागच्या खिशाच्या बटणाने सीटच्या कडेला चरा पडतो. तो चरा संध्याकाळी मॅनेजर बोट फिरवून शोधतो आणि मग "फ्लोअरवर कोण होतं" विचारतो. डेमो गाडी दिली आणि कोणी उड्डाणपुलावर ऐकवायला म्हणून लाल रेषेपर्यंत पिळली की त्या टायरचा हिशेब आमच्याच मीटिंगमध्ये निघतो. म्हणून आम्ही माणूस बघून ठरवतो. ठरवतो ते निम्म्या वेळा चुकतं. पांढऱ्या बुटांवरून तर हमखास चुकतं.

आणि आम्ही कोण? दोन कोटींच्या गाडीचे सीट व्हेंटिलेशन समजावून सांगणारा मी रात्री ऐरोलीवरून ठाण्याला येतो, तिथून दिवा लोकल, उभ्याने. सूट शोरूमचा, धुलाई माझी.

एक विचारू का? तुमच्या वर्कशॉपला चप्पल घालून एखादा मुलगा आला, हातात मोडका गिअर, "साहेब, असा एकच करून द्या" म्हणाला, तर तुम्ही काय करता?


तर्री_एक्स्ट्रा
सोमवार, सकाळी ८:३०

अनुमोदन. आणि आता धागाकर्ते काय म्हणतात याची वाट बघतोय.


वागळेकर_लेथवाला
सोमवार, रात्री ९:५५

दिवसभर हा प्रश्न डोक्यात होता. खरं लिहितो.

दिवाळीच्या आधी असाच एक आला होता. अंबरनाथहून, जुन्या पिठाच्या गिरणीचा गिअर घेऊन. मी खुर्चीतून न उठता "एक नग करत नाही" म्हटलं. पोरांनी त्याला पाणी तरी विचारलं का, मला आठवत नाही. त्याच आठवड्यात एका गाडीतून उतरलेल्या साहेबांना मी स्वतः सगळं वर्कशॉप फिरवून दाखवलं, चहा पाजला. त्यांचा आजपर्यंत फोन नाही.

काचेमागूनसाहेब, लागलं. राग मात्र अजून पूर्ण गेलेला नाही.


कळवा_ब्रिज
सोमवार, रात्री १०:२०

धाग्याची गाडी फारच सरळ रस्त्याला लागली म्हणून अवांतर: तो शोरूम म्हणजे ब्रिजच्या अलीकडचा का, काळी काच असलेला? नाव व्यक्तिगत निरोपात कळवा.


ॲडमिन
सोमवार, रात्री १०:३१

डीलरच्या नावाचे अंदाज बांधू नयेत. दोन प्रतिसाद उडवले आहेत.


नेरूळ_सेक्टर_अमुक
मंगळवार, दुपारी १२:०५

माझा अनुभव. गाडी वेगळी, मार एकच. तीन वर्षांपूर्वी बुकिंग केलं, डिलिव्हरी दसऱ्याला मिळणार होती. दसरा गेला, दिवाळी गेली. "सर, जहाजात आहे." मग "सर, जेएनपीटीला आहे." हे जेएनपीटी बंदर माझ्या खिडकीतून दिसतं हो! शेवटी कंटाळून रद्द केलं, तर रिफंडमधून पन्नास हजार कापणार म्हणाले, बुकिंग फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात आहे म्हणे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नोटीस पाठवायची तयारी ठेवली. महिन्याभरात पूर्ण पैसे आले.

वकील मेहुण्याने एक चांगली गोष्ट सांगितली. जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. पण रक्कम मोजतात ती तुम्ही प्रत्यक्ष दिलेल्या पैशांची. गाडी ९० लाखांची असली तरी दिलेत पाचच लाख, तर ठाण्याच्या जिल्हा आयोगात काम होतं, आणि तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. बुकिंग फॉर्मची मागची बाजू मात्र सही करण्याआधी वाचा. भिंग घेऊन.


गिअरबॉक्स
मंगळवार, दुपारी ३:४०

नेरूळकर, आणखी एक भर. गाडी ताब्यात घेण्याआधी, पूर्ण पैसे देण्याआधी, यार्डात जाऊन बघायची. शोरूमच्या दिव्यांखाली नाही, दिवसाउजेडी. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. ३२२४ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. गाडी "या वर्षीची" असेल आणि टायर दीड वर्षाचे असतील तर प्रश्न विचारायचे. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, उत्पादनाचा महिना आणि साल लिहिलेलं असतं, ते चेसिस नंबरशी पडताळायचं. माझ्या भावाला "एकदम फ्रेश स्टॉक" म्हणून मागच्या वर्षीची गाडी चालू भावात देत होते. टायरवर बोट ठेवलं तसे सव्वादोन लाख उतरले.

ब्रेकच्या डिस्कवर हलका गंज दिसला तर घाबरू नका, उभ्या गाडीला दोन दिवसांत येतो.


सीए_काकू
मंगळवार, संध्याकाळी ६:१५

आणि इन्शुरन्स डीलरकडूनच घ्यायची सक्ती नसते. बाहेरून भाव घ्या. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांची सक्तीची, बाकीची वर्षाची चालते. इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाणी शिरून इंजिन गेलं तर त्याचं कव्हर, विसरू नका. २६ जुलै २००५ आठवतोय ना? वंदना सिनेमापाशी आजही पावसात गुडघाभर पाणी असतं आणि तुमच्या गाडीचा हवा ओढायचा भाग त्या गुडघ्याच्या खालीच येतो.


खोपट_स्टँड
मंगळवार, संध्याकाळी ६:३०

गुडघ्यावरून आठवलं, धागाकर्त्यांनी त्या गाडीतून बाहेर यायचा सराव केला आहे का? आमच्या मेव्हण्याच्या मित्राला दोघांनी ओढून काढलं होतं. लग्नाच्या हॉलसमोर.


निवृत्त_नाखवा
मंगळवार, रात्री ८:००

आता बोला.


वागळेकर_लेथवाला
दोन महिन्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ५:१०

धागा वर आणतोय. बरंच घडलं.

आधी मुंबईतल्या एका डीलरकडे गेलो. इस्त्रीचा शर्ट, होंडा सिटी, वॉचमनने सॅल्यूट ठोकला. दोन माणसं दाराशी. फिल्टर कॉफी, काजू, "सर, तुम्ही मशीनिंगमध्ये आहात म्हणजे तुम्हाला तर आमच्यापेक्षा जास्त कळणार." लायसन्सची झेरॉक्स घेऊन अर्धा तास गाडी चालवायला दिली. पूर्व द्रुतगती मार्गावर रविवारी सकाळी सातला. त्याबद्दल काही लिहीत नाही, जमणार नाही.

मग कोटेशन आलं. "कम्पल्सरी ॲक्सेसरी पॅकेज" १ लाख ८० हजार: चटया, की-चेन, छत्री आणि "पेंट एनरिचमेंट". हँडलिंग चार्जेस ४५ हजार. इन्शुरन्स ३ लाख ९० हजार, जो मला बाहेर २ लाख ६० हजारांत मिळत होता, कव्हर तेच, इंजिन प्रोटेक्टसकट. प्रत्येक ओळीवर बोट ठेवलं की "सर, हे सिस्टिममधून येतं." गोड बोलणं चालूच. छत्री काढा म्हटलं तर हसले.

इतक्यात त्या पहिल्या मुलाचा, सूटवाल्याचा, व्हॉट्सॲप आला. तुमचं कोटेशन राहून गेलं होतं, म्हणून पीडीएफ. उघडलं तर एक्स-शोरूम, रोड टॅक्स, टीसीएस, इन्शुरन्ससमोर "ग्राहकाच्या पसंतीने". बस. एक पान. वर-खाली काही नाही. जॉबवर्कचं कोटेशन आम्ही असंच देतो.

परत गेलो. ॲक्टिव्हावरूनच, मुद्दाम. त्याने ओळखलं. म्हणाला, "सर, त्या दिवशी मला वाटलं की तुम्ही..." आणि पुढे वाक्यच येईना त्याला. मी म्हटलं, राहू दे, तेच वाटणार. नोकरीला लागून तेव्हा त्याला दुसराच महिना होता. पांढऱ्या बुटांचं पुढे काय झालं विचारलं, तर त्याने ती रील दाखवली. लाखभर लोकांनी बघितली आहे, गाडी कोणी घेतलेली नाही.

बुकिंग केलं. बुकिंग फॉर्मची मागची बाजू वाचली, नेरूळकर. भिंग लागलंच.


शोरूमच्या_काचेमागून
रविवार, संध्याकाळी ५:४५

त्या मुलाचं नाव सांगू नका, पण त्याच्या मॅनेजरला दोन ओळींचा ईमेल टाका. इन्सेंटिव्हपेक्षा तो जास्त दिवस टिकतो.

अंबरनाथवाल्याचं काय झालं?


वागळेकर_लेथवाला
रविवार, संध्याकाळी ६:३०

ईमेल टाकला.

त्याचा नंबर वहीत नव्हताच. गेट रजिस्टरमध्ये वॉचमनने लिहून घेतलेला सापडला. त्याने एव्हाना उल्हासनगरहून करून घेतला होता, आणि दाते आवाज करतायत म्हणाला. परवा घेऊन येतोय.

आता खरी अडचण. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स साडेअकरा सेंटीमीटर, व्हीलबेस अडीच मीटरच्या आसपास. आमच्या सोसायटीचा रॅम्प तुम्ही बघितलेला नाहीत. म्हणून वर्कशॉपला १२ एमएम प्लायवूडचा गाडीच्या बाजूचा साचा कापला, नाक, पोट, शेपूट सगळं मापात, आणि चाकांच्या जागी जुन्या ट्रॉलीवर तेवढ्याच मापाच्या दोन चकत्या बसवल्या. रात्री साडेदहाला, वर्दळ नसताना, तो रॅम्पवरून ढकलत नेला. सेक्रेटरी बाल्कनीतून बघत होते. "काय करताय?" म्हणाले. "गाडी आणतोय," म्हटलं. त्यांनी दिवा बंद केला.

रॅम्प पास. वरच्या टोकाला पोट आणि काँक्रीटमध्ये करंगळी जाते. गेटजवळच्या स्पीडब्रेकरवर मात्र साचा मधोमध अडकून झोपाळ्यासारखा हलायला लागला.


घोडबंदर_ग्रस्त
रविवार, संध्याकाळी ६:५०

तिरकी घ्या. एक चाक आधी, मग दुसरं.


वागळेकर_लेथवाला
रविवार, संध्याकाळी ७:०५

तिरकी घ्यायला गेट तेवढं रुंद नाही. साचा तिरका करून बघितला, पाण्याच्या मीटरला लागला.


गिअरबॉक्स
रविवार, संध्याकाळी ७:२२

मोजला का स्पीडब्रेकर? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, गोलाईचा. तुमचा किती आहे?


वागळेकर_लेथवाला
रविवार, संध्याकाळी ७:३०

उंची १७, रुंदी हातभर. गेल्या वर्षी उरलेल्या सिमेंटात वॉचमनने केलेला.

मानकाची प्रत जोडून सेक्रेटरींना अर्ज दिला आहे. पुढच्या महिन्यात सोसायटीची वार्षिक सभा (एजीएम) आहे. अजेंड्यावर विषय क्रमांक ७. क्रमांक ६ वर गच्चीवरच्या टाकीची गळती आहे.


निवृत्त_नाखवा
रविवार, संध्याकाळी ७:४४

टाकीवर तीन तास जातात. डबा घेऊन जा.